ताटात उरणाऱ्या अन्नाचा हिशेब
हॉटेल व्यवस्थापनाच्या अंतिम वर्षातील संशोधन प्रकल्प कसा पूर्ण करावा?

पाहुण्याचे आदरातिथ्य हा आपल्याकडे फार जुना संस्कार आहे. परंतु आदरातिथ्याचे शास्त्रशुद्ध शिक्षण ही मात्र स्वातंत्र्योत्तर काळातील घटना होय. श्रीमती लीलावती मुनशी यांच्या पुढाकाराने अखिल भारतीय महिला मध्यवर्ती अन्न परिषदेने १९५४ साली मुंबईत या विषयाची संस्था सुरू केली. दादरची ही संस्था देशातील अशा प्रकारची पहिली संस्था समजली जाते. पुढे १९७५ साली महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्थापना झाली आणि १९८२ साली हॉटेल व्यवस्थापन शिक्षणासाठी राष्ट्रीय परिषद अस्तित्वात आली. आज महाराष्ट्रातील अनेक शहरांत या विषयाचे पदवी अभ्यासक्रम चालतात आणि ग्रामीण भागातील मुलेमुलीही त्यांत मोठ्या संख्येने दाखल होतात.

या अभ्यासक्रमांतील पहिली वर्षे प्रामुख्याने हातांच्या कौशल्याची असतात. स्वयंपाकघर, भोजनकक्ष, स्वागतकक्ष आणि खोल्यांची निगा या चार विभागांतील कामे विद्यार्थी करून शिकतो. अंतिम वर्षी मात्र त्याच्यापुढे एक निराळेच काम येते, ते म्हणजे संशोधन प्रकल्प. जो विद्यार्थी शंभर माणसांचा स्वयंपाक न डगमगता उरकतो, तोच साठ पानांच्या अहवालापुढे गोंधळून जातो. मग कोणाचा तरी जुना अहवाल मिळवावा, त्यातील गावाचे व हॉटेलचे नाव बदलावे आणि बांधणी करून सादर करावा, असा मोह होतो. अशाने गुण कदाचित मिळतात. विद्या मिळत नाही. प्रकल्पाची नेमकी रीत कोणती, हे एका साध्या उदाहरणाच्या आधारे येथे पाहावयाचे आहे.

प्रकल्पाचा खरा हेतू

अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्याने जगाला नवा सिद्धांत द्यावा, अशी अपेक्षा कोणीही करीत नाही. एक लहानसा प्रश्न नीट मांडणे, त्याचे उत्तर शोधण्यासाठी योग्य पद्धत ठरविणे, माहिती प्रामाणिकपणे गोळा करणे आणि त्या माहितीतून जेवढे निघते तेवढेच सांगणे, या चार गोष्टी त्याला जमतात की नाही, एवढेच पाहावयाचे असते. उद्या हाच विद्यार्थी एखाद्या उपाहारगृहाचा व्यवस्थापक होईल. पदार्थाचा दर वाढवावा की नाही, एखादा माणूस कमी करावा की नाही, असे निर्णय त्याला घ्यावे लागतील. ते अंदाजाने घ्यावयाचे की मोजून घ्यावयाचे, याची सवय या प्रकल्पात लागते. चुकीच्या मोजणीची झळ शेवटी जेवणाऱ्याला आणि राबणाऱ्याला लागते, हे विसरून चालणार नाही.

विषय केवढा असावा?

बहुतेक प्रकल्प फसतात ते विषयाच्या निवडीतच. ‘महाराष्ट्रातील पर्यटन व हॉटेल व्यवसाय : एक अभ्यास’ असा विषय घेणारा विद्यार्थी चार महिन्यांत चार पुस्तकांतील उतारे एकत्र करण्यापलीकडे काही करू शकत नाही. विषय निवडताना तीन कसोट्या लावाव्यात. ज्या गोष्टीचा अभ्यास करावयाचा ती डोळ्यांनी पाहता किंवा साधनाने मोजता येते काय? त्या जागी जाण्याची व तेथे बसण्याची मुभा मिळेल काय? आणि आलेल्या उत्तराचा कोणाला तरी उपयोग आहे काय? तिन्ही उत्तरे होकारार्थी असतील तरच विषय पक्का करावा.

उदाहरणादाखल असे समजू, की जिल्ह्याच्या गावी महाविद्यालयाजवळ एक खानावळ आहे. बाहेरगावची मुले व एकटे राहणारे नोकरदार तेथे महिन्याचे पैसे भरून जेवतात. पोळ्या, एक भाजी, एक उसळ, आमटी व भात असे ठरलेले जेवण असते. मालकाची तक्रार अशी, की ताटांत फार अन्न उरते. वाढपी वाढतानाच मोठा डाव घालतो म्हणून उरते, की भाजी आवडत नाही म्हणून उरते, हे कोणीच खात्रीने सांगत नाही. येथे प्रश्न तयार होतो : ‘भाताची पहिली वाढ निम्मी केली आणि मागेल त्याला पुन्हा वाढले, तर दर ताटामागे उरणारे अन्न कमी होते काय?’ हा प्रश्न एका वाक्यात मावतो. त्यात काय बदलावयाचे व काय मोजावयाचे, हे दोन्ही स्पष्ट आहे.

आधीचे वाचन

प्रश्न हाती आल्यावर त्याविषयी इतरांनी काय केले आहे, ते वाचावे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ या वर्षी जगभरात घरे, भोजनसेवा व किरकोळ विक्री या तिन्ही ठिकाणी मिळून सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले. त्यांपैकी सुमारे २९ कोटी टन भोजनसेवेच्या वाट्याचे होते. अशा आकड्यांनी विषयाचे महत्त्व कळते. परंतु हे आकडे आपल्या खानावळीचे नव्हेत, हे ध्यानी ठेवले पाहिजे.

या विषयातील काही प्रसिद्ध पद्धतींचीही ओळख असावी. कसवाना व स्मिथ या अमेरिकन अभ्यासकांनी १९८२ साली पदार्थांच्या यादीचे विश्लेषण करण्याची रीत मांडली. पदार्थाचा खप व त्यावर सुटणारी रक्कम या दोन मापांवर पदार्थांचे चार गट पाडावयाचे, असे तिचे सूत्र आहे. परशुरामन, झाइथॅमल व बेरी यांनी १९८८ साली सेवेचा दर्जा मोजण्यासाठी विश्वासार्हता, तत्परता, ग्राहकाला वाटणारी खात्री, आपुलकी आणि दृश्य साधने अशी पाच अंगे सांगितली. ही नावे अहवालात घातल्याने अहवाल भारदस्त दिसतो, म्हणून ती सर्वत्र घालण्याची प्रथा पडली आहे. ती योग्य नव्हे. ठरावीक दराच्या ताटात ग्राहक पदार्थ निवडीतच नाही. तेथे खपाच्या आधारे पदार्थांचे गट पाडण्याला अर्थ उरत नाही. पद्धत प्रश्नाला शोभणारी असावी. पद्धतीसाठी प्रश्न वाकवू नये.

वाचताना प्रत्येक लेखासाठी एक स्वतंत्र कागद ठेवावा. लेखकाचे नाव, वर्ष, पृष्ठांक, मुख्य निष्कर्ष आणि त्या निष्कर्षाचा आपल्या प्रश्नाशी असलेला संबंध त्यावर स्वतःच्या शब्दांत लिहावा. जे स्वतःच्या शब्दांत लिहिता येत नाही, ते समजलेले नाही असे मानावे.

परवानगी व विश्वास

खानावळ ही मालकाची असते, विद्यार्थ्याची नव्हे. महाविद्यालयाचे पत्र घेऊन, दुपारची गर्दी ओसरल्यावर मालकाची भेट घ्यावी. काय मोजणार, किती दिवस मोजणार, कोठे उभे राहणार आणि माहितीचे काय करणार, हे सारे आधी सांगावे. रोजचा गल्ला, मालाची खरेदी, मसाल्याचे प्रमाण या गोष्टी व्यवसायाच्या गुपितात मोडतात. प्रश्नाला त्यांची गरज नसेल तर त्या विचारू नयेत.

मालकाची परवानगी म्हणजे सर्वांची परवानगी नव्हे. वाढपी, स्वयंपाकी व भांडी घासणाऱ्या बाया यांनाही उद्देश समजावून सांगितला पाहिजे. ताटातील उष्टे मोजणारा मुलगा आपल्या चुका टिपून मालकाला सांगणार, अशी धास्ती त्यांना वाटणे स्वाभाविक आहे. ‘कोणाच्या हातून किती उरले’ याची नोंद होणार नाही, हे त्यांना सांगावे आणि ते पाळावे. जेवणाऱ्यांकडून माहिती घेताना नाव व दूरध्वनी क्रमांक घेण्याचे कारण नसते. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ साली देशात स्वतंत्र कायदा संमत झाला आहे. परंतु कायदा नसता, तरीही दुसऱ्याची माहिती जपणे हे संशोधकाचे कर्तव्यच ठरले असते.

मोजणी कशी करावी?

मोजणीपूर्वी व्याख्या ठरवावी. ‘उरलेले अन्न’ म्हणजे काय? शेवग्याच्या शेंगेचा चोथा, लिंबाची साल, आमसूल, कढीपत्ता ही खाण्याची वस्तू नव्हे. ती भाताबरोबर मोजली तर हिशेब बिघडेल. म्हणून ताटे परत येण्याच्या जागी पाच डबे ठेवावेत : पोळी, भात, भाजी-उसळ, आमटी व इतर पातळ पदार्थ, आणि खाण्यायोग्य नसलेले. प्रत्येक डब्याचे रिकामे वजन आधी लिहून ठेवावे. काटा रोज एकाच जागी, सपाट ठिकाणी ठेवावा आणि ज्ञात वजन ठेवून तो तपासावा. परत आलेल्या ताटांची संख्या मोजण्यास एक सोबती घ्यावा. दोन्ही कामे एकट्याने होत नाहीत.

प्रत्यक्ष मोजणीपूर्वी दोन दिवस तालीम करावी. तालमीत अडचणी कळतात : आमटी भातात कालवलेली असेल तर ती कोणत्या डब्यात टाकावी? ताटात पाणी ओतण्याची सवय असेल तर काय करावे? अशा प्रत्येक बाबतीत एक नियम ठरवून तो वहीत लिहावा आणि शेवटपर्यंत बदलू नये. तालमीचे आकडे मुख्य हिशेबात धरू नयेत.

दिवसांची निवडही विचारपूर्वक करावी. सोमवारी व एकादशीला उपास करणारे येत नाहीत. शनिवारी मुले गावी जातात. सणावारी गोड असते. म्हणून रविवारची सुट्टी वगळून सलग दोन आठवडे, म्हणजे बारा दिवस, चालू पद्धतीने वाढून मोजावेत आणि पुढील दोन आठवडे भाताची पहिली वाढ निम्मी करून मोजावेत. दोन्ही वेळा भाज्यांचा क्रम तोच ठेवण्याची विनंती मालकाला करावी. पहिल्या पंधरवड्यात मेथी व दुसऱ्यात बटाटा असेल, तर फरक भाताच्या वाढीमुळे पडला की भाजीमुळे, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. आपल्याकडे कोणी पाहत आहे असे कळले की माणूस निराळा वागतो. १९२४ ते १९३२ या काळात अमेरिकेतील शिकागोजवळच्या हॉथॉर्न येथील कारखान्यात झालेल्या प्रयोगांवरून या परिणामाची चर्चा सुरू झाली. काटा घेऊन बसलेल्या मुलासमोर ताट पुसून खाणारे पुष्कळ निघतील. म्हणून मोजणीची जागा जेवणाऱ्यांच्या नजरेआड, धुण्याच्या मोरीजवळ असावी आणि पहिल्या एक-दोन दिवसांचे आकडे इतर दिवसांपेक्षा फार वेगळे आहेत काय, हे तपासावे.

प्रश्नावली व नमुना

वजनावरून ‘किती’ ते कळते. ‘का’ ते विचारावे लागते. त्यासाठी आठ-दहा प्रश्नांची छोटी प्रश्नावली पुरे. ‘येथील भात जास्त वाढला जातो असे आपल्याला वाटत नाही का?’ हा प्रश्न नव्हे. ते उत्तर तोंडात घालणे झाले. ‘पहिल्या वेळी वाढलेला भात आपल्याला कमी, पुरेसा की जास्त वाटतो?’ असे विचारावे. एका प्रश्नात दोन गोष्टी घालू नयेत. ‘जेवण चविष्ट व स्वच्छ असते काय?’ याला ‘नाही’ असे उत्तर आले, तर दोष चवीचा की स्वच्छतेचा, ते कळत नाही. ‘पूर्णपणे सहमत’ ते ‘पूर्णपणे असहमत’ अशा पायऱ्यांची पद्धत लायकर्ट यांनी १९३२ साली मांडली. ती सोयीची असली तरी प्रश्न उत्तर देणाऱ्याच्या भाषेत असावेत. इंग्रजी प्रश्नावली वाढप्याच्या हाती देणे म्हणजे त्याला उत्तर देऊ नको असे सांगणेच होय.

किती जणांना विचारावे, हा प्रश्न नेहमी येतो. फार मोठ्या लोकसंख्येतून यदृच्छेने नमुना काढावयाचा असेल आणि ९५ टक्के विश्वासपातळीवर ५ टक्क्यांपर्यंतची चूक मान्य असेल, तर सूत्राने ३८५ हा आकडा येतो. तो पाहून अनेक विद्यार्थी सर्वत्र ३८५ लिहितात. परंतु खानावळीत एकूण ४०० जणच जेवत असतील, तर त्याच सूत्राच्या दुरुस्तीने सुमारे १९७ जण पुरतात. शिवाय संख्येहून निवड महत्त्वाची आहे. आपल्या ओळखीच्या २०० मित्रांना विचारण्यापेक्षा दारातून येणाऱ्या दर दुसऱ्या माणसाला विचारणे अधिक विश्वसनीय होय. ज्यांनी नकार दिला त्यांची संख्याही लिहून ठेवावी.

मोह व कसोटी

येथपर्यंतची वाट रीतीची आहे; खरी कसोटी पुढे लागते. नवव्या दिवशी ताप येतो, किंवा खानावळीत लग्नाची पंगत असते, आणि एका दिवसाची नोंद चुकते. प्रश्नावल्या १९७ हव्या असतात आणि १४० वरच गाडी अडते. सादर करण्याची तारीख जवळ येते. अशा वेळी उरलेल्या ५७ प्रश्नावल्या खोलीवर बसून निरनिराळ्या पेनांनी भरण्याचा सल्ला देणारे मित्र भेटतात.

हा सल्ला मानू नये. कारणे दोन आहेत. पहिले असे, की खोटी माहिती ओळखता येते. तिच्यातील उत्तरे फार नीटनेटकी असतात, प्रश्न कोणीही रिकामा सोडलेला नसतो, परस्परविरोधी उत्तर कोणी दिलेले नसते. माणसे अशी नसतात. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. ‘नव्वद टक्के जेवणाऱ्यांना निम्मा भात पुरतो’ असे खोट्या प्रश्नावल्यांवरून लिहिले आणि मालकाने ते खरे मानले, तर महिन्याचे पैसे आगाऊ भरून जेवणारा एखादा लाजाळू मुलगा रोज अर्धपोटी उठेल. पुन्हा मागण्याचा संकोच असणारी माणसे आपल्याकडे थोडी नाहीत. त्या मुलाचे ताट स्वच्छ परत येईल आणि अहवालात ते यश म्हणून गणले जाईल.

त्यापेक्षा ‘१९७ पैकी १४० प्रश्नावल्या मिळाल्या, नवव्या दिवशी मोजणी होऊ शकली नाही’ असे लिहिण्यात कमीपणा नाही. अपुरी परंतु खरी माहिती परीक्षकाला मान्य असते. माहितीच्या मर्यादा स्वतः सांगणारा विद्यार्थी तिचे मोल जाणतो, असेच समजले जाते.

आकड्यांचा अर्थ

आता हिशेबाकडे वळू. पुढील आकडे केवळ रीत समजावी म्हणून कल्पिलेले आहेत. पहिल्या बारा दिवसांत २,४०० ताटे आणि १६८ किलो खाण्यायोग्य उरलेले अन्न. दुसऱ्या बारा दिवसांत २,१६० ताटे आणि १०८ किलो, असे समजू. घाईत असलेला विद्यार्थी लिहील : ‘१६८ वरून १०८, म्हणजे जवळजवळ ३६ टक्के घट.’ हे चुकीचे आहे. कारण दुसऱ्या पंधरवड्यात जेवणारेच कमी होते. दर ताटामागे हिशेब केला तर पहिल्या वेळी ७० ग्रॅम व दुसऱ्या वेळी ५० ग्रॅम येतात. घट २० ग्रॅमची, म्हणजे सुमारे २८.६ टक्के आहे.

आता प्रकारवार पाहावे. पहिल्या वेळी भात ३०, पोळी १५, भाजी-उसळ १५ व पातळ पदार्थ १० ग्रॅम. दुसऱ्या वेळी अनुक्रमे १२, १४, १५ व ९ ग्रॅम. म्हणजे २० ग्रॅमच्या घटीपैकी १८ ग्रॅम घट एकट्या भातात आहे. बदल भाताच्या वाढीत केला होता आणि फरकही भातातच दिसला. यामुळे दोहोंचा संबंध असावा, या म्हणण्याला बळ येते. सगळेच पदार्थ सारख्या प्रमाणात कमी झाले असते, तर परीक्षा, हवामान किंवा भूक यांसारखे दुसरे कारण शोधावे लागले असते.

परंतु सरासरीवर थांबू नये. रोजची दर ताटामागची वजने एका ओळीत मांडून पाहावीत. चालू पद्धतीतच ती एके दिवशी ३५ व दुसऱ्या दिवशी ११० ग्रॅम अशी हेलकावत असतील, तर २० ग्रॅमचा फरक नेहमीच्या चढउतारातलाही असू शकेल. उलट, पहिल्या बारा दिवसांतील जवळजवळ सर्व वजने दुसऱ्या बारा दिवसांतील वजनांपेक्षा वरचढ असतील, तर निष्कर्ष भक्कम मानता येईल. संख्याशास्त्रीय चाचणी मार्गदर्शकाच्या सल्ल्याने करावी. पण चाचणीपूर्वी डोळ्यांनी आकडे पाहण्याची सवय सोडू नये.

आणखी एक प्रश्न उरतो आणि तोच व्यवहाराचा आहे. ताटात कमी उरलेला भात गेला कोठे? स्वयंपाक्याने तांदूळ पूर्वीइतकाच शिजविला असेल, तर ताटात वाचलेला भात पातेल्यात उरला असेल. तेव्हा पातेल्यात उरलेल्या भाताचेही रोज वजन केले पाहिजे. दर ताटामागे १८ ग्रॅमप्रमाणे रोजच्या १८० ताटांचा शिजलेला भात ३.२४ किलो होतो. एक किलो तांदळाचा साधारण अडीच ते तीन किलो भात होतो असे धरले, तर रोज सुमारे १.१ ते १.३ किलो तांदूळ वाचू शकेल. परंतु तो शिजविण्यापूर्वी वाचला तरच. पातेल्यातील स्वच्छ अन्न व ताटातील उष्टे यांत आणखीही भेद आहे. न वाढलेले, सुरक्षित राखलेले अन्न गरजूंपर्यंत पोहोचविण्यासाठी केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१९ साली नियम केले आहेत. उष्ट्याला मात्र तो मार्ग नाही. गरम अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर ठेवण्याचा दंडकही येथे आठवावा.

याच जोडीला ‘पुन्हा भात मागितलेल्यांची संख्या’ वाढप्याकडून रोज टिपून घ्यावी आणि मागावयास संकोच वाटतो काय, हे प्रश्नावलीत विचारावे. पुष्कळांनी संकोच वाटतो असे सांगितले, तर शिफारस बदलली पाहिजे : पहिली वाढ निम्मी ठेवावी, पण वाढप्याने भाताचे भांडे घेऊन न मागता दुसरी फेरी मारावी. अन्न वाचावे आणि कोणी उपाशीही राहू नये, या दोन्ही गोष्टी साधण्याचा मार्ग असाच मोजणीतून सापडतो.

अहवालाचे लेखन

अहवालाची प्रकरणे साधारणतः ठरलेली असतात : प्रास्ताविक, पूर्वीच्या साहित्याचा आढावा, अभ्यासपद्धती, माहितीचे विश्लेषण, निष्कर्ष व शिफारशी. ती याच क्रमाने लिहावीत असे मात्र नाही. अभ्यासपद्धतीचे प्रकरण मोजणी चालू असतानाच लिहावे. कारण तेव्हा तपशील ताजे असतात. प्रास्ताविक शेवटी लिहिले तरी चालते. दुसरा कोणी विद्यार्थी केवळ हे प्रकरण वाचून तीच मोजणी पुन्हा करू शकेल, इतके ते स्पष्ट असावे.

प्रत्येक कोष्टकाखाली त्यातून काय दिसते ते एक-दोन वाक्यांत सांगावे. एकच माहिती कोष्टकात, आलेखात व मजकुरात तीनदा देऊन पाने वाढवू नयेत. निष्कर्षात एका खानावळीवरून ‘महाराष्ट्रातील खानावळीं’विषयी विधान करू नये. अलीकडे संगणकीय लेखनसाधने क्षणात पानेच्या पाने लिहून देतात. शुद्धलेखन तपासण्यास किंवा कठीण उतारा समजून घेण्यास त्यांचे साहाय्य संस्थेच्या नियमांत बसत असेल तर घ्यावे व तसे नमूद करावे. परंतु ही साधने अस्तित्वात नसलेले संदर्भही बिनदिक्कत देतात. जो लेख स्वतः उघडून वाचला नाही, त्याचे नाव अहवालात येता कामा नये. आणि खानावळीच्या मोरीपाशी उभे राहून केलेली मोजणी तर कोणतेही साधन करून देत नाही.

वेळेचे नियोजन

सोळा आठवडे हाती असतील तर पहिले दोन विषयाला, पुढील तीन वाचन व परवानगीला, एक तालीम व दुरुस्तीला, चार मोजणी व प्रश्नावलीला, दोन विश्लेषणाला आणि तीन लेखनाला द्यावेत. शेवटचा एक आठवडा मार्गदर्शकाच्या सूचना, मुद्रण व बांधणी यांसाठी राखून ठेवावा. मार्गदर्शकाकडे दर पंधरा दिवसांनी एक पान तरी लिहून न्यावे. रिकाम्या हाताने गेलेल्या विद्यार्थ्याला उपदेश मिळतो. लिहिलेले पान घेऊन गेलेल्याला दुरुस्ती मिळते. मोजणीची मूळ वही जपून ठेवावी व रोज रात्री तिची एक प्रत करून ठेवावी.

तोंडी परीक्षा आणि त्यानंतर

तोंडी परीक्षेत बहुधा सोपेच प्रश्न येतात : हाच विषय का? हीच पद्धत का? पुन्हा केला तर काय बदलाल? ज्याने काम स्वतः केले आहे त्याला पाठांतराची गरज पडत नाही. काटा एके दिवशी बिघडला तेव्हा काय केले, आमटीत कालवलेल्या भाताचा कोणता नियम ठरविला, हे तो सहज सांगतो. अशा तपशिलांतच खऱ्या कामाची ओळख पटते.

परीक्षा झाली की प्रकल्प संपला, असे समजण्यात येते. एक काम मात्र राहिलेले असते. दोन पानांचा सोपा मराठी सारांश घेऊन विद्यार्थ्याने पुन्हा त्या खानावळीत जावे. मालकाला, स्वयंपाक्याला व वाढप्यांना निष्कर्ष समजावून सांगावेत आणि त्यांचे म्हणणे ऐकावे. ज्यांनी महिनाभर आपल्या कामात जागा करून दिली, त्यांचे हे देणे आहे. स्वयंपाकी कदाचित म्हणेल, की भात उरतो तो वाढीमुळे नव्हे, तर शेवटच्या पंगतीला तो थंड मिळतो म्हणून. तसे झाले, तर पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्याला एक चांगला विषय मिळाला असे समजावे.

हजारो विद्यार्थी दरवर्षी असे प्रकल्प करतात. त्यांतील प्रत्येकाने एका खानावळीचे, एका वसतिगृहाच्या भोजनालयाचे किंवा एका रुग्णालयाच्या उपाहारगृहाचे काम खरेपणाने मोजले, तर राज्यातील भोजनव्यवस्थेविषयी केवढी मोलाची माहिती जमा होईल! अन्न हे पूर्णब्रह्म आहे, असे आपण पंगतीला बसताना म्हणतो. त्या अन्नाचा आणि ते खाणाऱ्याच्या भुकेचा खरा हिशेब ठेवण्यास शिकणे, हेच या शिक्षणाचे सार्थक होय.